अल्पसंतोष सोसायटीतील शहाण्णव डोकी

पृथ्वी एकच आहे आणि माणसे मात्र एकाहून अधिक आहेत, ही मानवजातीची मूळ अडचण आहे. ही अडचण पूर्वीही होती. परंतु पूर्वी माणसांना एकमेकांचा पत्ता नसल्यामुळे ती फारशी जाणवत नसे. १९९९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जगाची लोकसंख्या सहा अब्ज झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा बहुतेक राष्ट्रांनी चिंता व्यक्त करून ठेवली. प्रत्यक्ष कृती एकाच ठिकाणी झाली. ते ठिकाण म्हणजे बडोद्याच्या जुन्या पादरा रोडवरची अल्पसंतोष को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी (तळमजला धरून चार मजले, चोवीस घरे, एक बोअर, एक टाकी).

कृती करणाऱ्या गृहस्थांचे नाव भास्करराव दिघे. त्यांचे आजोबा संस्थानच्या खानेसुमारीत कारकून होते, वडील जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर होते, आणि स्वतः भास्करराव सरकारी आकडेवारीच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तीन पिढ्या या घराण्याने माणसे मोजण्यापलीकडे काही केले नव्हते, आणि माणसे वाढत गेल्यामुळे त्यांना कधी कामाची ददात पडली नव्हती. निवृत्तीनंतर मोजायला काही उरले नाही तेव्हा भास्कररावांनी पोळ्या मोजायला घेतल्या. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांनी तो उपक्रम एकाच जेवणात बंद पाडला. घरात मुलगा सलील होता, तो वाघोडियाच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. आणि सून रूपाली होती, ती पाणीगेटची, एका शाळेत विज्ञान शिकवायची. दोघांपैकी कोणालाही मोजून घेण्यात रस नव्हता.

अशा रिकाम्या अवस्थेत सहा अब्जांची बातमी वाचून भास्करराव गच्चीवर गेले. टाकीवर पांढऱ्या रंगात '१४,४०० लिटर' असे लिहिलेले होते. माणशी रोज दीडशे लिटर पाणी लागते, असे त्यांच्या जुन्या कचेरीच्या एका पुस्तिकेत होते. त्यांनी भागाकार केला. उत्तर आले शहाण्णव, बाकी शून्य. मग ते वही घेऊन चोवीसही दारांवर जाऊन आले. बेरीज आली शहाण्णव. भास्कररावांच्या अंगावर काटा आला. अल्पसंतोष सोसायटी काठोकाठ भरलेली होती, आणि हे आत्तापर्यंत कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

सोसायटीत पाण्याची टंचाई होती हे कोणीच नाकारत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सहानंतर नळातून नुसता सुस्कारा येई. या टंचाईची कारणे भास्कररावांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधली. वॉचमन बापू पहाटे मोटर चालू करून दूध आणायला जात असे आणि दूधवाल्याशी क्रिकेटवर बोलत असे. तेवढ्या वेळात टाकी भरून पंचवीस मिनिटे वाहत राही. भास्कररावांनी बादल्या लावून मोजले, रोज अकराशे लिटर. परंतु हे सांडलेले पाणी कोणीच वापरत नसल्यामुळे ते माणशी वापरात धरता येत नव्हते, म्हणून त्यांनी ते सोडून दिले. फाटकाबाहेर चहाची लारी होती. लारीवाला रोज बागेच्या नळावरून दोन पिंपे भरून नेई. तो रहिवासी नसल्यामुळे लोकसंख्येत मोडत नव्हता.

तळमजल्यावर तीन नंबरच्या घरात विक्रमसिंह शिर्के राहत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि घोडा रोज धुतलाच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. घोडा गेला, नवी परदेशी बनावटीची गाडी आली, दंडक राहिला. शिवाय शिर्क्यांनी न्हाणीघर फोडून टब बसवला होता, ज्यात एक प्रौढ मनुष्य किंवा एक मध्यम रेडा आरामात पहुडू शकला असता. शिर्के, त्यांच्या पत्नी आणि आई अशा तीन माणसांना रोज एकोणीसशे लिटर पाणी लागे. पाच नंबरच्या घरात नऊ माणसे होती, त्यांना सातशे. यावरून निष्कर्ष स्पष्ट होता. पाच नंबरमध्ये माणसे फार झाली होती.

सर्वसाधारण सभा भरली. भास्कररावांनी आकडे वाचून दाखवले. आकडे वाचले की सभा गप्प होते असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता, तो इथेही खरा ठरला.

"दिघेकाका, आमच्याकडे तीनच डोकी," विक्रमसिंह उभे राहून म्हणाले. "गाडीचं काय ते सांगा."

"गाडीला डोकं नाही," भास्करराव म्हणाले.

हे उत्तर सर्वांना पटले. विक्रमसिंहांना मर्यादित कुटुंबाबद्दल शाल व नारळ देण्यात आला, पाच नंबरकडे सर्वांनी एकदा वळून पाहिले, आणि 'लोकसंख्या समतोल नियमावली' एकमताने मंजूर झाली. ती अशी:

१. सोसायटीत शहाण्णव डोकी राहतील.

२. नवे डोके आत यावयाचे असल्यास जुने डोके बाहेर जाणे आवश्यक राहील (बाहेर म्हणजे कोठे, हे ज्याचे त्याने पाहावे).

३. पाहुणा आत आला की त्याच क्षणी घरचा एक माणूस बाहेर जाईल. जावई आल्यास दोन.

४. लग्न, जन्म व दत्तकविधान यांसाठी अर्ज करावा. अर्ज आल्या क्रमाने प्रतीक्षायादीवर घेतले जातील.

५. मृत्यूसाठी अर्जाची गरज नाही. मात्र शक्य झाल्यास पूर्वसूचना द्यावी.

भास्करराव समितीचे मानद गणनाधिकारी झाले. फाटकावर एक काळा फळा लागला. त्यावर बापू रोज सकाळी खडूने '९६' लिहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "छन्नु पूरा छे, साहेब. हाउसफुल!"

नियमावलीमुळे सोसायटीच्या जीवनाला शिस्त आली, हे तिच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. नऊ नंबरमध्ये पुण्याहून चार पाहुणे आठ दिवसांसाठी आले, तेव्हा घरची चारही माणसे आठ दिवस पादऱ्याला मावशीकडे जाऊन राहिली. जाताना पाहुणे म्हणाले की इतका मोकळेपणा त्यांना आजवर कोणत्याही नातेवाइकाकडे मिळाला नव्हता. संध्याकाळी पाहुण्यांची वर्दळ वाढली की घरोघरचे कर्ते पुरुष समतोलासाठी बाहेर पडत आणि लारीवर चहा पीत बसत. एकेकजण तीन तीन कप पिई. लारीवाल्याला दोनाऐवजी चार पिंपे भरावी लागू लागली. पाणी आता संध्याकाळी साडेपाचलाच जाऊ लागले. नियमावली आणखी कडक करण्याची गरज आहे, असे त्यावरून सिद्ध झाले.

जानेवारीपर्यंत प्रतीक्षायादीवर अकरा अर्ज जमले. त्यांत चार लग्ने होती, सहा संभाव्य बाळे होती, आणि एक चौदा नंबरवाल्यांचे सासरे होते, ज्यांचा अर्ज जावयाने केला नसून त्यांनी स्वतःच केला होता. यादी पुढे सरकायची तर कोणीतरी जायला हवे होते. भास्कररावांनी जी वही तयार केली होती तिच्यात रहिवाशांची नावे वयाच्या उतरत्या क्रमाने होती. (ही सरकारी पद्धत आहे. तीत कोणाचा काही हेतू नसतो.) पहिले नाव होते श्रीमती इंदिराबाई शिर्के, वय एक्क्याण्णव. या विक्रमसिंहांच्या मातोश्री.

यापूर्वीची वीस वर्षे इंदिराबाई खिडकीत बसून असत आणि त्यांच्याशी कोणी बोलत नसे. आता सकाळी सात वाजल्यापासून त्यांच्याकडे रीघ लागू लागली. एक नंबरची प्रतीक्षा असलेले कढण आणत, चार नंबरवाले मोसंबी आणत, सात नंबरवाल्यांचा लग्नाळू मुलगा रोज रक्तदाब मोजायला येई. कोणीही त्यांचे वाईट चिंतीत नव्हते. सर्वजण फक्त चौकशी करत होते.

"आजी, झोप लागली का?"

"लागली की! चांगली आठ तास लागली."

"वा," असे म्हणून माणूस जड पावलांनी निघून जाई.

इतके पौष्टिक खाणे आणि इतकी विचारपूस यांचा जो परिणाम व्हायचा तो झाला. इंदिराबाईंच्या गालांवर तेज आले. फेब्रुवारीत त्यांनी काठी टाकली. मार्चमध्ये त्या बागेला दोन फेऱ्या मारू लागल्या, आणि प्रतीक्षायादीवरच्या लोकांना त्यांच्या मागून चालावे लागू लागले.

याच सुमारास भास्कररावांच्या घरी ती बातमी आली. खरे तर ती जानेवारीतच आली होती. रूपालीला दिवस राहिले होते. भास्कररावांना इतका आनंद झाला की ते बातमी ऐकून उठले, खुर्चीवर चढले आणि माळ्यावरून सलीलचा जुना लाकडी पांगुळगाडा काढून त्याच्या चाकांना तेल घालत बसले. तेल घालता घालता ते थांबले. चौथा नियम त्यांचा स्वतःचाच होता आणि त्याची भाषाही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. तो अर्जदार म्हणून सादर केला, गणनाधिकारी म्हणून स्वीकारला, पोच दिली, पोच घेतली, आणि प्रतीक्षायादीवर बारावा क्रमांक टाकला. आपल्या घरासाठी यादी पुढेमागे करावी असे त्यांच्या मनातही आले नाही. (आले होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास. पण चार वाजेपर्यंत गेले.)

"बाबा, बाळंतपण पाणीगेटला आईकडे होईल," रूपाली एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली. "तिकडे मर्यादा नाहीये. प्रश्न त्याच्यानंतरचा आहे. तीन महिन्यांचं बाळ घेऊन मी फाटकाशी आले, आणि बापूनं हाउसफुल म्हणून परत पाठवलं तर?"

"नियमात तीन महिन्यांची सवलत घालता येईल का, बघतो."

"सवलत नको. सलीलला वाघोडियाला कंपनीचं क्वार्टर मिळतंय. आम्ही तिकडेच राहू."

"क्वार्टर मोठं आहे, बाबा," सलील म्हणाला. "आणि तिकडे माणसं कमीच पडतात. शिफ्टला कोण येतच नाही."

त्या आठवड्यात भास्करराव वर्तमानपत्र उलटे धरून वाचत असत. नातवंड आपल्या घरात रांगावे, आपल्या चष्म्याची काडी मोडावी, एवढीच त्यांची म्हातारपणाबद्दलची कल्पना होती. वाघोडिया काही फार दूर नाही, हे त्यांना माहीत होते. पण रविवारी सकाळी जायचे, पेढे ठेवायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे, म्हणजे तेही पाहुणेच झाले असते. आणि पाहुण्यांबद्दलचे आपले मत त्यांनी नियम तीनमध्ये लिहूनच ठेवले होते.

एप्रिलमध्ये एका सकाळी ते दोन मोसंबी घेऊन तीन नंबरमध्ये गेले. दारात उभे राहिले तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मोसंबी पाठीमागे धरली.

"बस रे भास्कर," इंदिराबाई म्हणाल्या. "तुझा नंबर कितवा?"

"बारावा, मावशी."

"मग काही घाई नाही. मोसंबी ठेव."

मे महिन्यात देशाचीही लोकसंख्या एक अब्ज झाली. सोसायटीच्या फळ्यावर मात्र शहाण्णवच होते, याचा भास्कररावांना पूर्वी अभिमान वाटला असता.

जूनमध्ये रूपालीचे डोहाळजेवण करायचे ठरले. लीलाबाईंनी चाळीस बायकांना बोलावले होते. चाळीस आत यायच्या म्हणजे चाळीस बाहेर जायला हवेत. सोसायटीतले सगळे पुरुष मिळून एकतीस भरले. ते लारीवर जाऊन बसले. उरलेल्या नऊ बायका भरजरी साड्या नेसून फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि आतली एक बाहेर आली की बापू एक आत सोडू लागला. रूपाली पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीत बसलेली होती. तिची ओटी भरायला तिची सख्खी आत्या पावणेदोन तास उशिरा पोचली आणि फाटकावरूनच रागावून आलेली होती. लारीवर त्या दिवशी दोनशे कप चहा खपला. टाकी साडेतीनला कोरडी पडली. समितीच्या इतिवृत्तात याचे कारण 'महिलांची अनियंत्रित संख्या' असे नोंदवलेले आहे.

पुढच्याच आठवड्यात सरकारतर्फे अस्मिताबेन नावाच्या एक शिक्षिका आल्या. पुढल्या वर्षीच्या जनगणनेआधी घरांची यादी करायची होती. प्रत्येक घरात किती माणसे राहतात, तेवढेच त्यांना लिहून न्यायचे होते. सुट्टीत हे काम गळ्यात पडल्यामुळे त्या कोणाशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. चोवीस घरे करून त्या फाटकाशी आल्या. बापूने त्यांच्या कागदावरची बेरीज पाहिली आणि फाटक लावून घेतले.

"बेन, एक वधारे लखाई गयुं छे," तो म्हणाला. "सत्त्याण्णव झालंय. अमारे त्यां छन्नुच असतात."

प्रकरण अर्थातच भास्कररावांकडे आले. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला सरकारचे कागद आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीची वही ठेवून त्यांनी एकेक घर ताडून पाहायला सुरुवात केली. त्यांना या कामात फार दिवसांनी मनापासून आनंद होत होता. तेवीस घरे बरोबर जुळली. चोवीस नंबरला अस्मिताबेनच्या कागदावर चार होते आणि वहीत तीन.

"चूक तुमची आहे," भास्करराव अत्यंत सौजन्याने म्हणाले. "चोवीस नंबर माझंच घर. लीला, सलील, रूपाली. तीन."

अस्मिताबेननी चष्म्यावरून पाहत पेनाचे टोक त्यांच्यावरच रोखले.

"ने तमे, काका?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भास्कररावांनी वहीतली चोवीस नंबरची ओळ बोट ठेवून पुन्हा मोजली. घडले होते ते असे: ऑक्टोबरात मोजणी करताना त्यांनी प्रत्येक दाराची बेल वाजवून बाहेरूनच विचारले होते, आत किती माणसे? पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून त्यांनी स्वतःच्या दाराचीही बेल वाजवली होती. लीलाबाईंनी जाळीतून 'आत आम्ही तिघं' असे सांगितले होते, आणि ते अक्षरशः खरे होते. शिवाय मोजणारा स्वतःला मोजतो, हे त्यांच्या घराण्यात कोणाला ठाऊकच नव्हते. मोजणारा म्हणजे सरकार, आणि सरकार काही पाणी पीत नाही.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच वगळलंय," लीलाबाई दारात येऊन हात पुसत म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून तुम्ही स्वतःला कशातच धरत नव्हता. म्हटलं, बोलून कशाला दुखवा."

भास्कररावांना हे वाक्य मोजणीतल्या चुकीपेक्षा जास्त लागले.

त्याच रविवारी तातडीची सभा भरली. शहाण्णवांची मर्यादा असताना आठ महिने सत्त्याण्णव माणसे राहिली आणि कोणी मेले नाही, याचे दोनच अर्थ निघत होते. एक म्हणजे मर्यादा चुकीची होती. दुसरा म्हणजे भास्करराव जास्तीचे होते. दोन्ही अर्थ मतास टाकण्यात आले. तेवीस घरांनी दुसऱ्याच्या बाजूने मत दिले. चोविसावे घर अध्यक्षस्थानी असल्यामुळे तटस्थ राहिले. म्हणजे आता दिघ्यांच्या घरात बाळ यायला एक नव्हे, दोन जागा रिकाम्या होणे आवश्यक झाले होते.

"मनाला लावून घेऊ नका, काका," विक्रमसिंह गहिवरून म्हणाले. "सहा महिने काशी, सहा महिने रामेश्वर करा. निसर्गासाठी एवढं करायलाच हवं. आम्ही आहोत ना इकडे."

भास्करराव उठले. चष्मा तिरका लागला होता, पण भाषा शाबूत होती. ते म्हणाले की सभेचा निर्णय त्यांना मान्य आहे. परंतु ज्या गणनाधिकाऱ्याची एक चूक सिद्ध झाली, त्याचे इतर आकडेही ग्राह्य धरता येणार नाहीत. तेव्हा फेरमोजणी व्हावी, आणि ती त्यांनी करू नये. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या घरात पाणी वापरणाऱ्या व्यक्तींची संख्या स्वतः चिठ्ठीवर लिहून, सही करून द्यावी. यात त्यांचा काहीही कावा नव्हता. कावा करण्याएवढी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे फक्त पद्धत होती.

मंगळवारपर्यंत तेवीस चिठ्ठ्या आल्या. चोविसावी त्यांनी लिहायची होती. पण ते आपल्याच चौकशीखाली असल्यामुळे त्यांनी मागचाच आकडा, तीन, तात्पुरता कायम ठेवला. बेरीज केली. पुन्हा केली. मग पाणी प्यायले (एक पेला) आणि पुन्हा केली. त्र्याहत्तर.

त्यांनी एकेक चिठ्ठी उलगडून पाहिली. पाच नंबरचे नऊ होते, तिथे आठ लिहिलेले होते. शिर्क्यांकडे तिनाचे दोन झाले होते. अकरा नंबरमध्ये प्राध्यापक आनंद एकटेच राहत. त्यांनी शून्य लिहून खाली सुवाच्य सही केली होती आणि तारीखही घातली होती. भास्करराव चिठ्ठ्या घेऊन घरोघर फिरले. सगळीकडे एकच उत्तर मिळाले. "मला काय धरायचंय? मी आपला एका बादलीत भागवतो." विक्रमसिंह टबातून ओरडून म्हणाले, "मी घरात असतोच कुठे, काका? पाणी काय ते या बायकांना लागतं!"

चोवीस कुटुंबप्रमुख होते आणि चोवीस माणसे गायब होती. चूक एकट्या भास्कररावांची नव्हती. ती सर्वांची होती, मनापासूनची होती, आणि तिच्यावर सह्या होत्या.

त्यांनी लाल पेनचे टोपण काढले. दुरुस्ती सोपी होती; प्रत्येक चिठ्ठीत एक मिळवायचा, शून्याचा एक करायचा, खाली आद्याक्षरे करायची. सबंध आयुष्यात त्यांनी चुकीची बेरीज दुरुस्त केल्याशिवाय जेवण केले नव्हते. समोर गॅलरीत झोपाळ्यावर रूपाली सुजलेले पाय वर घेऊन बसली होती. वाघोडियाला न्यायच्या सामानाची ती यादी करत होती, आणि यादीत पहिलेच नाव पांगुळगाड्याचे होते.

भास्कररावांनी पेनला टोपण परत लावले. आजोबांच्या आत्म्याला काय वाटेल, या विचाराने ते ओशाळले. पण त्याहून जास्त त्यांना हसू येत होते, आणि ते हसू त्यांना आवरेना.

"ती यादी फाड," ते सुनेला म्हणाले. "जागा आहे."

सभेत अहवाल वाचला गेला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आठ महिन्यांत लोकसंख्या सत्त्याण्णवावरून त्र्याहत्तरवर आली होती. म्हणजे जवळजवळ पाव माणसे कमी झाली होती, आणि तीही कोणालाही न दुखवता, एकही घर रिकामे न होता. असे यश कोणत्याही राष्ट्राला आजवर मिळालेले नव्हते. तेवीस जागा शिल्लक असल्यामुळे प्रतीक्षायादीवरचे बाराच्या बारा अर्ज एका बैठकीत मंजूर झाले. श्रीखंडाचे जेवण झाले. बापूने फळ्यावर '७३' लिहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून आत बोलवू लागला.

ऑगस्टमध्ये पाणीगेटला रूपालीला मुलगी झाली. नोव्हेंबरात ती आजोबांच्या घरी आली आणि तिने चौथ्या दिवशी चष्म्याची डावी काडी मोडली. भास्करराव ती मोडकी काडी दोऱ्याने बांधून सगळ्या सोसायटीत दाखवत फिरले.

नुकसान झाले ते फक्त इंदिराबाईंचे. अर्ज मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी कढण बंद झाले, मोसंबी बंद झाली, आणि झोप लागली का हे विचारायला कोणी येईना. त्या जिना चढून भास्कररावांकडे आल्या.

"भास्कर, परत कधी भरतेय रे तुझी सोसायटी?"

"बघू या, मावशी. प्रयत्न चालू आहेत."

प्रयत्न खरोखरच चालू आहेत. टाकी पहाटे पंचवीस मिनिटे वाहते. गाडी रोज धुतली जाते. शेजारीच दुसरी आली आहे, तीही धुतली जाते. पाणी आता पावणेपाचला जाते. समितीने याची गंभीर दखल घेतली आहे. कंपाउंडपलीकडच्या नव्या इमारतीत माणसे फार झाली असून जमिनीखालचे सगळे पाणी तीच ओढतात, या निष्कर्षाप्रत समिती आलेली आहे. पलीकडच्या इमारतीचीही अशीच एक समिती आहे आणि तिचाही निष्कर्ष तयार आहे. दिशा तेवढी उलटी आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या इमारतीत, गल्लीत किंवा गावात पाण्याची अशीच ओढ असेल, आणि ही हकीकत वाचता वाचता आपल्याकडे जास्तीची माणसे कोण व किती, याचा अंदाज त्यांनी मनातल्या मनात बांधलाच असेल. काहींनी तर नावेसुद्धा घेतली असतील. तो अंदाज चुकीचा आहे, असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. फक्त त्यात एक मिळवून घ्यावा.